घरगुती लहान कार्यशाळेसाठी बहुप्रक्रिया वेल्डिंग यंत्राची निवड : एक विवेचन

सारांश

गेल्या काही वर्षांत एकाच पेटीत तीन-चार प्रकारचे वेल्डिंग करू शकणारी इन्व्हर्टर यंत्रे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली आहेत. शेतकरी, आयटीआयमधून बाहेर पडलेला तरुण कारागीर आणि छंद म्हणून लोखंडकाम करणारा नोकरदार असे तिन्ही वर्ग या यंत्रांकडे वळत आहेत. मात्र यंत्राच्या दर्शनी फलकावरील आकडा पाहून केलेली निवड बहुधा निराशा पदरी टाकते. यंत्राची निवड ही प्रथम कामाचे स्वरूप, नंतर घरातील वीजजोडणी आणि शेवटी यंत्राची वैशिष्ट्ये या क्रमाने झाली पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी आवश्यक असलेले भौतिकशास्त्रातील साधे हिशेब व व्यवहारातील निकष येथे एकत्र मांडले आहेत.

बीजशब्द : वेल्डिंग, विद्युत् प्रज्योत, इन्व्हर्टर, कार्यचक्र, शक्तिगुणक, घरगुती कार्यशाळा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या आसपास एकदोन तरी फॅब्रिकेशनची दुकाने असतात. खिडकीची जाळी, फाटक, जिन्याचा कठडा, ट्रॅक्टरच्या मागील अवजारांची दुरुस्ती ही त्यांची नेहमीची कामे होत. या दुकानांत पूर्वी तेल भरलेले किंवा हवेने थंड होणारे, चाकांवर ढकलत न्यावे लागणारे जड रोहित्र दिसे. आज त्याच्या जागी खांद्याला अडकवता येईल अशी लहान पेटी आली आहे. यंत्राचे वजन उतरले तसे वेल्डिंगचे काम दुकानातून घराच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि बंगल्याच्या वाहनतळातही शिरले.

या बदलाची दुसरी बाजूही आहे. आमच्या महाविद्यालयातून बारावी झाल्यानंतर आयटीआयमध्ये संधाता हा व्यवसाय-अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या एका तरुणाने घरातील सोने तारण ठेवून एक बहुप्रक्रिया यंत्र खरेदी केले. यंत्रावर ‘२५०’ हा आकडा ठळकपणे छापलेला होता. घरी आणल्यावर जाड रॉडने काम सुरू केले की घराचा एमसीबी पडू लागला. प्रवाह कमी केला तर जोड नीट बसेना. विक्रेत्याने दोष घरच्या विजेचा असल्याचे सांगितले, तर वायरमनने तो यंत्राचा ठरविला. वस्तुतः दोष दोहोंचा नव्हता. यंत्र आणि घर यांचा मेळ खरेदीपूर्वी कोणी पाहिलाच नव्हता. तीन महिने ते यंत्र कोपऱ्यात पडून राहिले आणि तारणावरील व्याज मात्र चालू राहिले. हा मेळ कसा पाहावा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. लेखाची उद्दिष्टे

१) बहुप्रक्रिया यंत्रातील निरनिराळ्या वेल्डिंग प्रक्रियांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
२) घरगुती वीजजोडणीवर किती प्रवाहाचे काम शक्य आहे, याचा हिशेब मांडणे.
३) यंत्राच्या माहितीपत्रकातील महत्त्वाच्या बाबींचा अर्थ उलगडून दाखविणे.
४) आरोग्य व सुरक्षितता यांचा खर्च खरेदीच्या हिशेबात का धरावा, हे सांगणे.
५) ग्राहकाच्या गरजेनुसार निवडीचा क्रम सुचविणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

विद्युत् प्रज्योतीच्या उष्णतेने धातू जोडण्याचे तंत्र १८८० च्या दशकात निकोलाय बेनार्डोस व स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी विकसित केले. त्यांनी कार्बनचा दांडा वापरला होता. पुढे १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी स्वतः वितळून जोडात उतरणारा धातूचा दांडा वापरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनचे ऑस्कर केलबर्ग यांनी अशा दांड्यावर लेप चढविला. आज ज्याला कारागीर नुसते ‘रॉड’ म्हणतो त्याचे मूळ येथे आहे. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील विमान उद्योगात रसेल मेरेडिथ यांनी निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली टंगस्टनच्या टोकाने वेल्डिंग करण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली. १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत अखंड तार पुरविणारी पद्धत आकाराला आली आणि १९५३ पासून तिच्यासाठी कार्बन डायऑक्साइड हा स्वस्त वायू वापरात आला.

या तिन्ही पद्धतींसाठी दीर्घकाळ तीन वेगळी यंत्रे लागत. त्यांना एका पेटीत आणण्याचे श्रेय इन्व्हर्टर तंत्राला जाते. रोहित्राचा लोहगाभा किती मोठा असावा हे विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असते. वारंवारता वाढली की तेवढ्याच शक्तीसाठी लहान गाभा पुरतो. घरातील वीज ५० हर्ट्झची असते. इन्व्हर्टर यंत्र तिचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करते, नंतर अर्धवाहक स्विचांच्या साहाय्याने तिला कित्येक हजार हर्ट्झवर नेते, मुठीएवढ्या रोहित्रातून तिचा दाब उतरविते आणि पुन्हा एकदिश प्रवाह देते. प्रवाह व दाब यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे तेच यंत्र रॉडसाठी एका तऱ्हेने आणि तारेसाठी दुसऱ्या तऱ्हेने वागू शकते.

४. चार प्रक्रिया आणि त्यांचे क्षेत्र

४.१ रॉडचे वेल्डिंग

कारागीर ज्याला साधे किंवा आर्क वेल्डिंग म्हणतो ती ही पद्धत. रॉडवरील लेप जळून निर्माण होणारा वायू व मळी वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतात. वेगळे वायूचे नळकांडे लागत नाही, वाऱ्यात उघड्यावर काम करता येते, थोडा गंज असला तरी जोड बसतो. बाजारात २.५ मिलिमीटरचा रॉड ‘बारा नंबर’ आणि ३.१५ मिलिमीटरचा ‘दहा नंबर’ म्हणून मागितला जातो. पहिल्याला साधारणपणे ६० ते ९० आणि दुसऱ्याला ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. घरगुती कामाचा बहुतांश भाग या दोन रॉडांत भागतो.

सर्वसाधारण कामाला ई ६०१३ वर्गाचा रॉड चालतो. ट्रॅक्टरचा हूक किंवा नांगराचा सांधा यांसारख्या भार सोसणाऱ्या भागांसाठी ई ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड योग्य असतो. परंतु त्याला ओलावा मुळीच सहन होत नाही. कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील पावसाळ्यात उघडे राहिलेले असे पाकीट सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअस तापमानाला पुन्हा भाजल्याशिवाय वापरू नये. उन्हात वाळवून हे साधत नाही. या पद्धतीची उणीव अशी, की पातळ पत्र्याला सहज भोक पडते आणि विकत घेतलेल्या रॉडच्या वजनापैकी सुमारे ६० ते ६५ टक्केच धातू जोडात उतरतो. उरलेला भाग मळी, शिंतोडे व फेकून दिलेले तुकडे यांत जातो.

४.२ तार व वायूचे वेल्डिंग

शास्त्रीय परिभाषेत हिला मिग किंवा मॅग म्हणतात, तर दुकानात ती ‘सीओटू’ या नावाने ओळखली जाते. तारेचे रीळ यंत्रात बसवितात. खटका दाबताच तार व वायू दोन्ही बाहेर येतात. ०.८ मिलिमीटरच्या तारेने सुमारे १ मिलिमीटर पत्र्यापासून ४ ते ५ मिलिमीटर जाडीपर्यंतचे पोलाद जोडता येते. मळी फोडावी लागत नाही आणि तारेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जोडात उतरतो. सोळा व अठरा गेजच्या चौकोनी पाइपांची फाटके, टेबले, रॅक बनविणाऱ्यास ही पद्धत वेळेची मोठी बचत करून देते. हातही रॉडपेक्षा लवकर बसतो.

मात्र हिच्या सोपेपणात एक धोका दडलेला आहे. कमी प्रवाहावर जाड लोखंडाला मारलेला तारेचा जोड वरून अतिशय सुबक दिसतो. परंतु आत धातू एकजीव झालेला नसतो. असा जोड भार पडताच सोलल्यासारखा सुटतो. शिवाय वारा ताशी ८ किलोमीटरच्या आसपास गेला तरी वायूचे आवरण विस्कटते आणि जोडात छिद्रे पडतात. अंगणात काम करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

४.३ फ्लक्सभरल्या तारेचे वायूविरहित वेल्डिंग

पोकळ तारेच्या पोटात फ्लक्स भरून रॉडचा गुण तारेला दिला जातो. नळकांड्याची गरज नसल्यामुळे घरगुती ग्राहकास ही पद्धत आकर्षक वाटते. धूर व शिंतोडे अधिक असतात आणि तारही साध्या तारेपेक्षा महाग पडते. येथे एक चूक वारंवार घडते. साध्या तारेसाठी टॉर्च धन अग्राला जोडतात. वायूविरहित तारेसाठी ती ऋण अग्राला जोडावी लागते. यंत्रात ही अदलाबदल करण्याची सोय आहे की नाही, हे खरेदीपूर्वी झाकण उघडून पाहावे.

४.४ टंगस्टनचे वेल्डिंग

बाजारभाषेत ‘आरगॉन वेल्डिंग’ म्हणजे टिग. टंगस्टनचे टोक वितळत नाही. भरणीची तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते. स्टेनलेस स्टीलचे कठडे, दुग्धव्यवसायातील भांडी, बारीक दुरुस्ती यांसाठी तिला तोड नाही. वेग कमी, कौशल्य अधिक आणि पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ असण्याची अट कडक.

बहुप्रक्रिया यंत्राबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच आढळतो. ‘टिग आहे, म्हणजे ॲल्युमिनियम जोडता येईल’ असे गृहीत धरले जाते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशाला वितळते; परंतु त्यावरील ऑक्साइडचा थर वितळण्यास २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. हा थर फोडण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह हवा. स्वस्त व मध्यम किमतीची बहुतेक बहुप्रक्रिया यंत्रे टिगसाठी केवळ एकदिश प्रवाह देतात. त्यांच्यावर पोलाद व स्टेनलेस स्टीलचे टिग उत्तम होते, ॲल्युमिनियमचे होत नाही. ॲल्युमिनियम हीच मुख्य गरज असेल तर प्रत्यावर्ती-एकदिश असे दोन्ही प्रवाह देणारे यंत्रच पाहावे. अन्यथा टॉर्चवरच लहान रीळ बसणारी स्पूल गन व शुद्ध आरगॉन वापरून मिग पद्धतीने काम भागवावे लागते.

५. घरातील वीज : निर्णायक घटक

यंत्र कितीही समर्थ असले तरी ते घरच्या जोडणीतून मिळेल तेवढीच शक्ती वापरू शकते. रॉडच्या वेल्डिंगसाठी प्रज्योतीवरील दाबाचे प्रमाणित सूत्र असे आहे : दाब = २० + ०.०४ × प्रवाह. मिगसाठी ते १४ + ०.०५ × प्रवाह आणि टिगसाठी १० + ०.०४ × प्रवाह असे धरतात. यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के व शक्तिगुणक ०.७ मानला, तर २३० व्होल्टच्या एककला जोडणीवर रॉडच्या कामासाठी पुढील चित्र दिसते.

तक्ता क्र. १ : रॉडच्या वेल्डिंगसाठी घरच्या जोडणीवर पडणारा भार

| वेल्डिंग प्रवाह (अँपिअर) | प्रज्योतीचा दाब (व्होल्ट) | प्रज्योतीतील शक्ती (किलोवॅट) | जोडणीतून ओढला जाणारा प्रवाह (अँपिअर) |
|---|---|---|---|
| ९० | २३.६ | २.१ | १५.५ |
| १२० | २४.८ | ३.० | २१.७ |
| १६० | २६.४ | ४.२ | ३०.९ |
| २०० | २८.० | ५.६ | ४०.९ |

घरातील मोठ्यात मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. तक्त्यावरून असे दिसून येते, की या प्लगवर साध्या यंत्राने सुमारे ९० अँपिअरचेच काम होते, म्हणजे बारा नंबरचा रॉड. दहा नंबरच्या रॉडसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग व त्याच क्षमतेचा एमसीबी हवा. २०० अँपिअरचे काम तर सामान्य घरगुती जोडणीवर करूच नये. प्रस्तावनेतील तरुणाचा एमसीबी का पडत होता, याचे उत्तर या तक्त्यात आहे.

१२० अँपिअरलाच मिगने काम केल्यास जोडणीतून सुमारे १७.५ आणि टिगने सुमारे १३ अँपिअर ओढले जातात, कारण त्या प्रक्रियांत प्रज्योतीचा दाब कमी असतो. म्हणजेच दुर्बल जोडणीच्या घरी तारेची पद्धत रॉडपेक्षा अधिक पदरात टाकते.

येथे शक्तिगुणक सुधारणेचा विचार करणे अगत्याचे ठरते. माहितीपत्रकात ‘पीएफसी’ असे लिहिलेल्या यंत्राचा शक्तिगुणक जवळजवळ १ असतो. अशा यंत्राने १२० अँपिअरचे रॉडचे काम सुमारे १५.४ अँपिअरवर, म्हणजे साध्या १६ अँपिअरच्या प्लगवरही होऊ शकते. किंमत लक्षणीय वाढते. परंतु ज्याला घरातील वायरिंग बदलणे शक्य नाही, उदाहरणार्थ भाड्याच्या घरात राहणारा ग्राहक, त्याच्यासाठी ही वाढ सार्थ आहे.

ग्रामीण भागात दाब कमी असण्याची समस्या नित्याची आहे. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर १२० अँपिअरच्या कामासाठी २१.७ ऐवजी सुमारे २८ अँपिअर ओढले जातात आणि वायर अधिक तापते. त्यात लांब वायरची भर पडते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ३० मीटर वायरमधून २२ अँपिअर प्रवाह जाताना जाऊन-येऊन सुमारे १० व्होल्ट वाटेतच संपतात. म्हणून घर ते शेड अशी वायर ओढताना निदान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. वेल्डिंगची केबल लांब करणे त्याहूनही महागात पडते, कारण तिच्यातून शेकडो अँपिअर वाहतात. यंत्र किती किमान दाबापर्यंत चालते, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालत नाही. घरगुती वापरासाठी मंजूर झालेली वीज व्यवसायासाठी वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. स्वतःच्या घरची जाळी दुरुस्त करणे वेगळे आणि गावाची फाटके बनवून देणे वेगळे. दुसऱ्या वर्गात मोडणाऱ्याने आधीच वीज कार्यालयात जाऊन मंजूर भार वाढवून घ्यावा व योग्य वर्गवारी विचारावी.

६. माहितीपत्रकाचे वाचन

६.१ कार्यचक्र

‘२०० अँपिअर, ३५ टक्के’ याचा अर्थ दर १० मिनिटांत साडेतीन मिनिटे २०० अँपिअरवर काम आणि उरलेला वेळ विश्रांती. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अखंड कामाचा प्रवाह ढोबळमानाने काढता येतो. कार्यचक्राच्या दशांश रूपाचे वर्गमूळ काढून त्याने प्रवाहाला गुणावे. ३५ टक्क्यांच्या यंत्रासाठी हा प्रवाह सुमारे ११८ अँपिअर येतो, तर ६० टक्क्यांच्या यंत्रासाठी सुमारे १५५ अँपिअर. दर्शनी आकडा एकच असूनही दोन यंत्रांत एवढा फरक असतो.

आंतरराष्ट्रीय प्रमाण आयईसी ६०९७४-१ नुसार हे मोजमाप ४० अंश सेल्सिअस तापमानाला अपेक्षित आहे. ज्या माहितीपत्रकात तापमान दिलेले नाही किंवा २० ते २५ अंश दिले आहे, तेथील कार्यचक्र आपल्याकडे मिळणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधील हवा ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा प्रमाणित यंत्रही लवकर थांबते. हा बिघाड नसून संरक्षण होय. प्रवाहाचा आकडा छापला आहे आणि कार्यचक्र दिलेलेच नाही, असे यंत्र न घेणे बरे.

६.२ टॉर्च, रीळ व जोडण्या

मिगची टॉर्च यंत्राला कायमची जोडलेली आहे की युरो पद्धतीच्या जोडणीने बदलता येते, हे पाहावे. टॉर्चची नळी, टोके व अस्तर झिजणारेच असतात. प्रचलित १५ क्रमांकाची टॉर्च कार्बन डायऑक्साइडवर १८० अँपिअरपर्यंत चालते. तिचे सुटे भाग सहज मिळतात. तारेची रिळे साधारणपणे १, ५ व १५ किलोची असतात. लहान पेटीत केवळ १ किलोचे रीळ मावत असेल तर दर किलोमागे तार बरीच महाग पडते. ५ किलोचे रीळ मावणारे यंत्र घरासाठी मध्यममार्ग ठरते. तार ढकलणारी चाके धातूची आहेत की प्लॅस्टिकच्या चौकटीत बसविलेली, हेही हाताने तपासावे. साध्या तारेला व्ही खाचेचे आणि फ्लक्सभरल्या तारेला दातेरी चाक लागते.

टिगबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. एक, वायू उघडझाप करणारा झडपेचा भाग यंत्रातच आहे की टॉर्चवरील पिळाने वायू हाताने सोडावा लागतो. दुसरी, प्रज्योत पेटविण्याची रीत. बहुतेक बहुप्रक्रिया यंत्रांत टोक टेकवून उचलण्याची रीत असते. घरच्या कामाला ती पुरेशी आहे.

६.३ वायूचा खर्च

यंत्राच्या किमतीपेक्षा वायूची व्यवस्था पुष्कळदा जड जाते. नळकांडे, रेग्युलेटर, भरणाकेंद्रापर्यंतचे अंतर या बाबी यंत्र ठरविण्याआधी चौकशी करून घ्याव्यात. आरगॉनच्या मोठ्या नळकांड्यात सुमारे ७ घनमीटर वायू असतो. मिनिटाला ८ लिटर दराने तो प्रत्यक्ष प्रज्योतीचे सुमारे साडेचौदा तास पुरतो. दीड घनमीटरचे लहान नळकांडे मिनिटाला १० लिटर दराने अवघे अडीच तास चालते. पोलादाच्या मिगला कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो. आरगॉन मिसळलेल्या वायूने शिंतोडे कमी होतात. टिगला मात्र शुद्ध आरगॉनच लागतो. म्हणजे मिग व टिग दोन्ही करणाऱ्यास प्रायः दोन नळकांडी बाळगावी लागतात. ‘तीन यंत्रे एकात’ ही जाहिरात वाचताना हा दुसरा खर्च डोळ्यांसमोर ठेवावा.

६.४ दुरुस्ती

जुने रोहित्र गावातला वायरमन पुन्हा गुंडाळून देत असे. इन्व्हर्टरचा इलेक्ट्रॉनिक पट्टा तसा दुरुस्त होत नाही. शिवाय तिन्ही प्रक्रिया एकाच पेटीत असल्यामुळे एक भाग बिघडला की सगळेच काम थांबते. ग्राइंडरच्या लोखंडी भुकटीने पंख्यावाटे आत शिरून मंडले जळतात. म्हणून ग्राइंडिंग यंत्रापासून दूर करावे आणि यंत्र बंद करून, प्लग काढून, काही मिनिटे थांबून कोरड्या हवेने धूळ उडवावी. ज्या उत्पादकाचे सेवाकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे त्याचे थोडे महाग यंत्रही अंती स्वस्त पडते. १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन या नावाने सुरू झालेली आणि आज आदोर वेल्डिंग म्हणून ओळखली जाणारी मुंबईची कंपनी, तसेच ईएसएबी इंडिया यांसारखे जुने उत्पादक आणि अनेक आयातदार या बाजारात आहेत. नावापेक्षा सुटे भाग किती दिवसांत मिळतील, हे लेखी विचारून घेणे अधिक शहाणपणाचे.

७. आरोग्य व सुरक्षितता

घरातील कार्यशाळेचे वैशिष्ट्य असे, की तेथे कारागिराबरोबर कुटुंबही वावरत असते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला. जस्तलेपित जीआय पत्रा जोडताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचे जस्त आधी घासून काढणे व उघड्यावर काम करणे हाच उपाय. स्टेनलेस स्टीलच्या धुरातील क्रोमियम अधिक घातक आहे. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला भाग वेल्डिंगला घेऊ नये, कारण प्रज्योतीच्या अतिनील किरणांमुळे त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो. आरगॉन व कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत तळाशी साचतात आणि प्राणवायू हटवितात.

रॉड पेटण्यापूर्वी होल्डरवर सामान्यतः ६० ते ८० व्होल्ट दाब असतो. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या अंगाला तो प्राणघातक ठरू शकतो. हा दाब साधारण ३५ व्होल्टच्या खाली ठेवणारी व्हीआरडी ही सोय यंत्रात असल्यास तिला प्राधान्य द्यावे. यंत्राची अर्थिंग खरी असावी. प्लगची तिसरी पिन तोडून काम चालविणे म्हणजे जीवाशी खेळ होय. काळ्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, योग्य गाळणीचा मास्क आणि प्रज्योत झाकणारा पडदा यांची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच अंदाजपत्रक करावे. पडवीत चाललेल्या कामाकडे टक लावून पाहणाऱ्या लहान मुलाच्या डोळ्यांना रात्री होणारी आग ज्या घराने एकदा अनुभवली, त्याला पडद्याचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही.

८. निवडीचा क्रम

वरील विवेचनाच्या आधारे ग्राहकांचे तीन वर्ग करून पुढील सूचना करता येतील.

अ) शेतकरी : अवजारांची दुरुस्ती, जाड लोखंड, उघडी जागा आणि कमी दाबाची वीज ही त्याची परिस्थिती. त्याला बहुप्रक्रिया यंत्राची निकड नाही. कमी दाबावर चालणारे, १६० ते २०० अँपिअरचे, ६० टक्के कार्यचक्राचे निव्वळ रॉडचे इन्व्हर्टर यंत्र पुरेसे आहे. वाचलेल्या पैशांतून स्वतंत्र वायर ओढून घ्यावी.

आ) छंदासाठी काम करणारा : पातळ पाइप, लहान वस्तू, १६ अँपिअरचा प्लग. त्याला ५ किलोचे रीळ मावणारे, अग्र बदलण्याची सोय असलेले, १६० अँपिअरच्या आसपासचे बहुप्रक्रिया यंत्र सोयीचे. प्रारंभी वायूविरहित तारेने व रॉडने काम करावे. नळकांडे नंतर घेता येते.

इ) घरातून व्यवसाय सुरू करणारा : त्याचा वेळ हाच पैसा. मंजूर भार वाढवून घेतल्यानंतर २०० अँपिअरचे, ६० टक्के कार्यचक्राचे, युरो जोडणीचे व शक्यतो पीएफसी असलेले यंत्र त्याने घ्यावे. स्टेनलेस स्टीलची कामे नियमित मिळत असतील तरच टिगची सामग्री घ्यावी. दिवसाचे आठ तास काम असेल तर मिगसाठी एक व रॉड-टिगसाठी दुसरे अशी दोन स्वतंत्र यंत्रे अधिक भरवशाची ठरतात. एक बंद पडले तरी चूल बंद पडत नाही.

खरेदीपूर्वी आपल्या कामाचे दोन तुकडे, आपला नेहमीचा रॉड वा तार घेऊन दुकानात जावे आणि यंत्र चालवून पाहावे. जोड मारून झाल्यावर तो पकडीत धरून हातोडीने वाकवावा किंवा कापून आतील भाग पाहावा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

९. निष्कर्ष

१) बहुप्रक्रिया यंत्राचा खरा लाभ प्रक्रिया बदलत राहणाऱ्या ग्राहकाला होतो, एकच काम करणाऱ्यास एकच प्रक्रियेचे यंत्र अधिक किफायतशीर ठरते.
२) घरगुती १६ अँपिअरच्या प्लगवर साध्या यंत्राने रॉडचे सुमारे ९० अँपिअरपर्यंतच काम होते. यंत्राचा आकडा याहून मोठा असल्याने ही मर्यादा बदलत नाही.
३) दर्शनी प्रवाहापेक्षा ४० अंशावरील कार्यचक्र, शक्तिगुणक आणि किमान दाब हे तीन आकडे निर्णायक होत.
४) एकदिश प्रवाहाच्या टिगवर ॲल्युमिनियमची अपेक्षा ठेवू नये.
५) वायरिंग, वायू व संरक्षक साधने यांचा खर्च यंत्राच्या किमतीचाच भाग मानावा.

प्रस्तावनेतील तरुणाने पुढे मंजूर भार वाढवून घेतला, मीटरपासून ६ चौरस मिलिमीटरची वायर ओढली आणि आज तो ०.८ मिलिमीटरच्या तारेवर सुमारे ११० अँपिअरने चौकोनी पाइपांची फाटके बनवितो. सोने सुटले आहे. त्याच्या यंत्राची अर्ध्याहून अधिक क्षमता मात्र अद्याप वापरात आलेली नाही, आणि त्या न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे त्याने व्याजासह भरले आहेत. आयटीआय व तंत्रनिकेतनांतील अभ्यासक्रमांत जोड कसा मारावा हे शिकविले जाते, त्याचबरोबर यंत्र कसे निवडावे व घरच्या विजेचा हिशेब कसा करावा याचाही एखादा प्रात्यक्षिक पाठ ठेवला गेल्यास स्वयंरोजगाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अनेक तरुणांचे असे नुकसान टळेल.